आसपासच्या माणसांचे फोटो: काढायचे कसे, एडिट कसे करायचे आणि ज्याचे त्याला परत कसे द्यायचे

माझ्या हार्ड डिस्कवर चाळीसेक हजार फोटो पडलेत आणि त्यातले कुणाच्या तरी घरी भिंतीवर लागलेले मोजून चौदा. हे प्रमाण लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली. आधी मीपण कॅमेरा घेतला की लांब लांब हिंडायचे, डोंगर, पक्षी, सूर्यास्त, जे सगळेच काढतात तेच. मग एकदा पाय मुरगळला, महिनाभर घराच्या आसपासच लंगडत फिरायची पाळी आली, आणि तेव्हा कोपऱ्यावरचे शिंपीकाका, जिन्यात बसून अभ्यास करणारी पोरं, बस स्टॉपवर रोज त्याच खांबाला टेकून उभी राहणारी आजी हे सगळं पहिल्यांदा धड दिसलं. इतकी वर्षं तिथेच होतं की ते!

तर हे अशा फोटोंबद्दल आहे. फोन असो नाहीतर कॅमेरा, दोन्हीवर चालेल. आणि एक गोष्ट आधीच सांगते, माझं सगळं गाडं एकाच गोष्टीभोवती फिरतं: फोटो ज्याचा काढला त्याच्या हातात तो जायला हवा. एवढं एक ठरवलं की कुठे उभं राहायचं, काय विचारायचं, एडिटिंगमध्ये हात कुठे आवरायचा हे बरंचसं आपोआप ठरत जातं.

आधी जागा पक्की करा

घरापासून दहा मिनिटांच्या आत चालत जाता येईल अशी एकच जागा निवडा. वाचनालयाची पायरी, सायकल दुरुस्तीचं दुकान, मैदानाचा एक कोपरा, काहीही. तिथे आठवड्यातून दोनदा, शक्यतो एकाच वेळेला जायचं. पहिल्या दोन-तीन खेपांना माणसांचे फोटो काढूच नका, कॅमेरा गळ्यात असू दे पण नुसतं बसा, बोला, ऊन कुठून येतं ते बघा. हे लोकांना वेळेचा अपव्यय वाटतं पण खरं तर इथेच अर्धं काम होतं, कारण चौथ्या खेपेला तुम्ही "कॅमेरावाली बाई" न राहता "ती रोज येते ती" होता आणि लोक तुमच्याकडे बघायचं सोडून देतात.

मिल्टन रोगोविन नावाचे एक गृहस्थ होते, अमेरिकेत बफेलो शहरात डोळे तपासून चष्मे देणारे. त्यांनी १९७२ मध्ये आपल्याच शहरातल्या एका गरीब वस्तीतल्या लोकांचे फोटो काढायला सुरुवात केली, लोकांना हवं तसं उभं राहू द्यायचे, प्रिंट नेऊन द्यायचे, आणि पुढच्या तीस वर्षांत परत परत त्याच माणसांकडे जात राहिले. एकच बाई आधी तरुण, मग कडेवर मूल, मग केस पिकलेले, असे फोटो शेजारी शेजारी ठेवले की बघणारा गप्पच होतो. यातला एकेक फोटो तसा साधा आहे, सगळी ताकद परत जाण्यात आहे.

सेटिंग घरीच करून निघा

रस्त्यात मेनू उघडून बसलात की क्षण गेलाच म्हणून समजा.

फोनवाल्यांनी पहिलं काम, लेन्स पुसा. हसू नका, बोटांच्या तेलकट डागांनी जितके फोटो धुरकट होतात तितके कुठल्याच सेटिंगने होत नाहीत. ब्यूटी फिल्टर बंद. पोर्ट्रेट मोडही शक्यतो बंदच ठेवा, तो केसांच्या आणि चष्म्याच्या कडा खातो आणि मागची जागा पुसून टाकतो, आणि आपल्याला तर ती जागाच हवीय. फोनची मुख्य लेन्स बरीच वाइड म्हणजे आजूबाजूचं पुष्कळ घेणारी असते, फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) हिशेबाने साधारण २४ ते २६ एमएम इतकी (आकडा लहान तितकं जास्त मावतं), त्यामुळे कडेला उभा असलेला माणूस ताणला जातो. चेहरे मधल्या भागात ठेवा किंवा २एक्स वापरून दोन पावलं मागे जा. स्क्रीनवरच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर (म्हणजे किती उजेड घ्यायचा ते) लॉक होतं, मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. पांढरा शर्ट एकदा जळून पूर्ण पांढरा झाला की एडिटिंगमध्ये काही म्हणजे काही परत येत नाही, अंधारातलं मात्र बरंचसं काढता येतं.

कॅमेरा असेल तर २८, ३५ किंवा ५० एमएम यातली एक लेन्स लावा आणि महिनाभर बदलू नका. लांबून मोठा झूम लावून माणसांचे फोटो काढणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, फोटोत ते अंतर दिसतंच. बाहेर दिवसा अॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं भोक किती उघडं ते आपण ठरवायचं), ते भोक एफ/८ वर, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता ऑटो, आणि कमीत कमी शटर स्पीड १/२५० सेकंद. चालत्या माणसाला तेवढं पुरतं. पोरं पळत असतील तर १/५०० ते १/१०००. आयएसओ ३२०० झाला म्हणून घाबरू नका, थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला चेहरा चालत नाही.

एक जुनी युक्ती अजून कामाची आहे. फुल फ्रेम कॅमेरा, २८ एमएम लेन्स, एफ/८, आणि फोकस हाताने साधारण सव्वातीन मीटरवर लावून ठेवला की सुमारे एक मीटर साठ सेंटिमीटरपासून पार लांबच्या इमारतीपर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. मग ऑटोफोकस चुकीच्या डोक्यावर जाण्याचा प्रश्नच नाही, कॅमेरा उचलला की बटण दाबायचं, संपलं.

आणि दुकानात, जिन्यात वगैरे दिव्यांच्या उजेडात काढताना फोटोवर आडवे काळपट पट्टे आले तर कॅमेरा बिघडलेला नाहीये. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्यांना कळत नाही पण वेगवान शटरला कळतं, विशेषतः सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरला. मेकॅनिकल शटर लावा आणि स्पीड १/१०० किंवा १/५० वर आणा. ६० हर्ट्झ असेल तर १/१२५ किंवा १/६०. बहुतेक वेळा पट्टे जातात.

विचारायचं की नाही

यावर लोक तासन् तास भांडतात. कायदा जागोजागी वेगळा आहे, तो आपापला बघून घ्या, मी रीतीबद्दल बोलतेय. माझं म्हणणं साधं आहे, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. कॅमेरा पोटाशी धरून चोरून क्लिक करणारा माणूस सगळ्यांना दिसत असतो आणि एकदा का तो चोर ठरला की त्या जागी परत जायची सोय राहत नाही. गर्दीचा, मैदानाचा फोटो असेल तर मी विचारत नाही पण कॅमेरा उघड धरते. एकाच माणसाचा असेल तर विचारते, निदान नजरेने तरी, कॅमेरा जरासा उचलून भुवया वर करायच्या, समोरच्याने मान हलवली की झालं.

विचारलं की माणूस पोझ देतो, ताठ उभा राहतो, ही तक्रार खरी आहे. उपाय असा की तो ताठ फोटो पण काढायचा, मन लावून काढायचा, कारण त्याला स्वतःला बहुधा तोच हवा असतो. तो स्क्रीनवर दाखवायचा. मग म्हणायचं, "तुमचं काम चालू द्या काका, मी इथे बसते." पाच-दहा मिनिटांनी ते विसरतात, हात आपल्या गतीने चालायला लागतात आणि तिथून पुढचे फोटो तुमचे.

लहान मुलांचे फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय नाही. झोपलेला, रडणारा, नशेत पडलेला, दवाखान्याच्या दारात थांबलेला, यांचे मी काढतच नाही, फोटो कितीही भारी दिसत असला तरी. आणि "नको" म्हटलं तर नको, वर कारण विचारत बसू नये.

डोरोथिया लँगने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या तळावर एका आईचा, मुलं खांद्याला बिलगलेली, असा फोटो काढला होता, तो तुम्ही नक्की बघितला असेल. लँगने त्या बाईचं नावही विचारलं नव्हतं, हे तिने स्वतःच नंतर लिहिलंय. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला १९७० च्या दशकाच्या शेवटी कळलं, आणि तेव्हा त्या बाईंच्या बोलण्यात त्या फोटोबद्दल कडवटपणाच होता. फोटो जगभर छापून आला, त्यांना त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. म्हणून माझ्या बॅगेत एक छोटी वही असते, नाव, तारीख, प्रिंट कुठे पोचवायची. साधी वही.

एका जागेचे फोटो कसे काढायचे, शिंपीकाकांचं उदाहरण

काकांचं दुकान म्हणजे एक दार आणि आत एक माणूस मावेल एवढी खोली. उजेड फक्त दारातून, डाव्या बाजूने. भर दुपारी बाहेर ऊन रणरणत असताना आत मात्र मऊ उजेड असतो, त्यामुळे दुपारी फोटो काढू नयेत हा जो नियम सगळे सांगतात तो दाराच्या आतल्या माणसाला लागू नाही. माणूस दारापासून दोन पावलं आत हवा, तोंड उजेडाकडे किंवा अर्धं वळलेलं.

मी आधी समोरच्या फुटपाथवरून पूर्ण दुकान काढते, म्हणजे जागा कळते. मग दारातून, कंबरेपर्यंत माणूस आणि मशीन. मग हात. काकांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात सुई टोचू नये म्हणून घातलेलं टोपण इतकं झिजलंय की त्याचे खळगे एका बाजूला सपाट झालेत, आणि कापडावर खडूची रेघ ओढताना ते श्वास धरतात, रेघ संपली की सोडतात. हे मला सहाव्या खेपेला दिसलं. हात चालतानाचा फोटो १/२५० ला काढला तर हात गोठल्यासारखा दिसतो, म्हणून कॅमेरा टेबलावर टेकवून १/१५ ते १/३० ला पण काढा, चाक आणि बोटं पुसट होतात आणि चष्म्यामागचे डोळे स्थिर राहतात. दहातले नऊ वाया जातात. जाऊ देत.

मग शेवटी माणूस नसलेले एक-दोन, खुंटीवरचा टेप, दोऱ्यांची रिळं, वगैरे.

फ्रेमबद्दल लांबण लावत नाही. आधी मागचं बघा आणि मग माणूस, डोक्यातून खांब निघालेला नको. चारही कोपऱ्यांवरून एकदा नजर फिरवा. मुलांचे फोटो बसून काढा, उभं राहून काढलेत तर नुसती डोकी येतात. आणि चांगला फोटो मिळाला असं वाटलं की लगेच निघू नका, आणखी दोन मिनिटं थांबा, कारण माणसं सैल पडतात ती तुम्ही कॅमेरा खाली घेतल्यावर.

निवड

घरी आल्या आल्या कॉपी करा, पण डिलीट काही करू नका आणि कार्ड फॉरमॅट तर दुसऱ्या जागी कॉपी झाल्याची खात्री झाल्याशिवाय मुळीच नाही (एकदा केलंय, दोन तासांचं काम गेलं, अजून आठवलं की पोटात गोळा येतो). मग शक्य असेल तर तीन-चार दिवस बघूच नका. काढताना जी मजा आली ती फोटोत असतेच असं नाही, आणि ताज्या ताज्या आपल्याला तेवढा फरक कळत नाही.

पहिल्या फेरीत फक्त हो किंवा नाही, एका फोटोला दोन सेकंद. दोनशेचे तीस होतील. दुसऱ्या फेरीत एकसारख्या फोटोंमधला एकच ठेवायचा, डोळे, हात, कडा बघून. तिसऱ्या फेरीत मी दोन वेगळे ढीग करते, एक माझ्यासाठी आणि एक त्या माणसासाठी, आणि हे ढीग बऱ्याचदा वेगळे निघतात. मला हातांचा अंधारा फोटो आवडतो, काकांना त्यांचा सरळ बसलेला. दोन्ही खरे आहेत, भांडायचं कारण नाही.

एडिटिंग, या क्रमाने

रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न शिजवलेल्या कच्च्या फाइलमध्ये काढलं असेल तर हाताशी पुष्कळ माल असतो, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, नेहमीच्या दाबलेल्या जेपेग फाइलमध्ये २५६. म्हणून जेपेगमधलं आभाळ किंवा भिंत जास्त ओढली की पट्टे पडतात. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, लाइटरूम, किंवा फुकटचं डार्कटेबल, फोनवर स्नॅपसीड. क्रम महत्त्वाचा.

आधी सरळ करा आणि क्रॉप. दाराची चौकट, खांब उभा सरळ असला की निम्मा फोटो सुधारतो.

मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचा तोल, तो केल्विनमध्ये मोजतात. पिवळ्या दिव्याचा उजेड २७०० ते ३२०० केल्विन, दिवसाचा ५५०० च्या आसपास, सावलीतला ७००० च्या पुढे. दुकानात दोन्ही एकत्र येतात, दारातून निळसर आणि आतून पिवळा, आणि मग काहीही केलं तरी एक बाजू विचित्र दिसते. अशा वेळी चेहऱ्यावर जो उजेड आहे त्याच्या हिशेबाने लावा आणि बाकीचं सोडून द्या. फारच मारामारी असेल तर ब्लॅक अँड व्हाइट. पण रंग बिघडले म्हणूनच ब्लॅक अँड व्हाइट करा, "जुनं आणि गंभीर" दिसावं म्हणून नको, काकांचं दुकान आजचं आहे, १९४० मधलं नाही.

मग एक्स्पोजर, मग हायलाइट्स (उजळ भाग) खाली, शॅडोज (अंधारे भाग) थोडे वर. इथेच सगळे फसतात. शॅडोज पूर्ण वर ओढले की अंधाऱ्या खोलीतला कानाकोपरा दिसायला लागतो आणि दारातून येणाऱ्या उजेडाची किंमतच जाते. खोली अंधारी होती ना, मग राहू दे अंधारी. मी शॅडोज ओढते, मग डोळ्यांना बरं वाटेल तिथून निम्मं परत आणते.

त्वचेचा रंग. हा माझा दुखरा विषय. बरीच अॅप्स आणि फोन आपणहून चेहरा उजळ करतात, आणि आपणही नकळत नारिंगी रंगाचा ल्युमिनन्स म्हणजे उजळपणा वर सरकवतो कारण "फ्रेश" दिसतं. करू नका. सावळा माणूस सावळाच दिसला पाहिजे, त्याला उजेड कमी पडला असेल तर मास्कने फक्त चेहऱ्याचा भाग निवडून तिथलं एक्स्पोजर थोडं वाढवा, रंगाला हात लावू नका. फरक बघायचा असेल तर त्याच फोटोत हाताचा आणि चेहऱ्याचा रंग ताडून बघा.

क्लॅरिटी, टेक्श्चर, शार्पनिंग, म्हणजे बारकावे आणि कडा उठावदार करणारे स्लायडर, शेवटी आणि अगदी थोडं. यावर माझी चांगलीच फजिती झालीय. काकांचा पहिला फोटो मी क्लॅरिटी जोरात वाढवून केला, प्रत्येक सुरकुती कोरल्यासारखी, मला वाटलं काय जबरदस्त पोर्ट्रेट झालंय. प्रिंट हातात दिली. त्यांनी चष्मा वर केला, दारात उजेडाला गेले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "अगं, मी एवढा म्हातारा झालोय का?" काय बोलणार. घरी जाऊन क्लॅरिटी शून्यावर आणली, चेहऱ्यावर तर उणे दहा, आणि मूळ फाइल बघितली तर खरोखरच ते तितके म्हातारे नव्हते. तो म्हातारपणा माझ्या स्लायडरचा होता.

फोटोतून वस्तू काढायची का? सेन्सरवरची धूळ काढा, बेशक. पण मागची वायर, कचऱ्याची बादली, शेजारचा माणूस मी काढत नाही, आवडत नसेल तर पुढच्या वेळी उभं राहायची जागा बदलते. लँगच्याच त्या फोटोत खालच्या उजव्या कोपऱ्यात एक अंगठा येत होता, तो तिने नंतर निगेटिव्हवर रिटच करून पुसवला आणि त्यावरून तेव्हाही कुरबूर झाली होती. आता तर एका बोटाने अख्खा माणूस गायब होतो, त्यामुळे ही रेघ आपली आपण आखून ठेवायची.

प्रिंट आणि बाकीचं

व्हिव्हियन मायर ही मुलं सांभाळायचं काम करणारी बाई, तिने मुख्यतः शिकागोत एक लाखाच्या वर फोटो काढले आणि जवळपास कुणाला दाखवलेच नाहीत, कित्येक रोल तर धुतलेलेही नव्हते. २००७ मध्ये तिचं सामान लिलावात गेलं तेव्हा ते बाहेर आले. फोटो महान आहेत, पण त्यातल्या माणसांना ते कधी मिळालेच नाहीत ही गोष्ट मला टोचते.

तर प्रिंट. ४ बाय ६ इंचाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे जुना फोनपण चालतो. ८ बाय १२ साठी २४०० बाय ३६००. गोची वेगळीच आहे, फोनचा फोटो ४:३ असतो आणि ४ बाय ६ चा कागद ३:२, त्यामुळे लॅबवाला आपोआप लांब बाजूच्या कडा मारतो आणि आखूड बाजूतला साधारण ११ टक्के भाग उडतो. आडव्या फोटोत वरून-खालून, उभ्या फोटोत दोन्ही बाजूंनी. मी एका पोराच्या डोक्याचा वरचा भाग असाच घालवलाय, त्याच्या आईने काही म्हटलं नाही पण दिसलं तिला. म्हणून क्रॉप घरीच ३:२ मध्ये करून पाठवा. एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपद्धतीमध्ये एक्स्पोर्ट करा. प्रिंट काळपट येत असेल तर बहुतेक वेळा दोष तुमच्या स्क्रीनचा, ती फार उजळ ठेवलेली असते, ब्राइटनेस निम्म्यावर आणून मग एडिट करा.

मागे नाव आणि तारीख लिहा, पण बॉलपेनने नको. दाबून लिहिलं की अक्षरं पुढच्या बाजूला उठतात. बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर घ्या, आणि सुकेपर्यंत एकावर एक रचू नका.

ऑनलाइन टाकणार असाल तर आधी विचारा, प्रिंटला हो म्हणजे इंटरनेटला हो असं नसतं. एक्स्पोर्ट करताना लोकेशन काढून टाका, नाहीतर फाइलमध्ये त्या माणसाच्या दाराचा पत्ताच जातो. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला तर दाबून बारीक होतो. डॉक्युमेंटमध्ये मात्र लोकेशन तसंच जातं, म्हणून ते आधी काढलेलं हवं. बॅकअप तीन ठिकाणी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातला एक घराबाहेर.

शिंपीकाकांना मी दुसरी, नीट एडिट केलेली प्रिंट नेऊन दिली, ती आता मशीनच्या वर लागलीय. पहिलीपण त्यांनी टाकून दिली नाही. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते गिऱ्हाइकांची मापं लिहितात, बॉलपेनने, चांगलं दाबून, आणि उजेडात तिरकी धरली की त्यांच्या गालावर उलटा ३८ दिसतो.